मिनतीदीची दुसरी सही

बाईंनी मला कागदी पेल्यात चहा दिला आणि व्हरांड्याची पायरी दाखवली. माझ्याबरोबर मोजणीची टेप घेऊन आलेले ऑफिसातले मुखर्जीबाबू आत सोफ्यावर. त्यांना बशीसकट कप.

दहा मिनिटांपूर्वी याच बाई माझं मराठी ऐकून हरखल्या होत्या. कलकत्त्यात आपलं माणूस भेटतं कुठे, अहो, आत या ना. मग गाव विचारलं. मग आडनाव. मी सांगितलं.

"तू तिथेच बस गं. आत फरशी पुसलीय."

मुखर्जीबाबूंचे बूट त्या फरशीला चालले. आणि मी बसले. मुकाट्याने बसले, याचीच अजून चीड येते.

सॉल्ट लेकमधल्या एका सरकारी वसाहतीच्या ऑफिसात मी भाडेकरूंच्या तक्रारी घेते. ही तक्रार मिनतीदीची. ती वसाहतीत झाडू मारते, या बाईंच्या यजमानांच्या, म्हणजे साहेबांच्या घरामागच्या क्वार्टरमध्ये राहते. साहेबांनी बागेसाठी कुंपण पुढे सरकवलं आणि तिची नळाची वाट बंद झाली. गुडघे दुखतात, तरी दोन बादल्या घेऊन ती अख्ख्या इमारतीला वळसा घालते. चहाआधीच आम्ही मोजलं. सामाईक जागेतले चार फूट साहेबांनी खाल्ले होते.

साहेब बाहेर आले. वरूनच मला म्हणाले, "आपण आपली माणसं. आपसात मिटले, असं लिहून टाक."

लिहिणं सोपं होतं. आमच्या ऑफिसची रीतच तशी. तक्रार देतानाच दोन सह्या घ्यायच्या, एक तक्रारीखाली, दुसरी निकालाच्या कोऱ्या रकान्यात. गरिबाला पुन्हा हेलपाटा नको म्हणे. मिनतीदीची दुसरी सही सोबत आणलेल्या रजिस्टरात तयारच होती. कुठे करायची ते मीच बोट ठेवून दाखवलं होतं. दीदी सांगते म्हणजे बरोबरच असेल, म्हणून तिने केली.

अंगाची आग झाली. बाईंवर, साहेबांवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. अकरा वर्षं मी हेच करत आले. कितीजणांची तोंडं त्यांच्याच सहीने बंद केली.

चहा तसाच ठेवून उठले. उभ्या उभ्या मिनतीदीची दुसरी सही खोडली, शेजारी माझी केली आणि लिहिलं: कुंपण सामाईक जागेत चार फूट. काढावे.

साहेबांनी वाचलं. "तुझी बदली कुठे करायची ते बघतो."

"बघा," मी म्हणाले. "आणि मला अहो म्हणा."

मुखर्जीबाबू दारात उभे राहून टेप गुंडाळत राहिले.

कुंपण अजून हललेलं नाही. मिनतीदी अजून वळसा घालते. हेडक्लार्क रोज म्हणतात, कशाला ताणता, मिटवून टाका. मी मिटवत नाही. दुसरी सही आता कुणाचीच आधी घेत नाही. बदलीचा कागद येईल तेव्हा येईल. तोवर दर सोमवारी साहेबांना नोटीस जाते. ती मी स्वतः नेते, आणि सही केलेली पोच हातात पडल्याशिवाय दारातून हलत नाही.