अवकाशातला बर्फ आणि दसऱ्याची शेवंती

नव्वदच्या दशकात आम्ही पुण्याहून जपानला गेलो, तेव्हा कोबेमध्ये मला एक सवत होती. यांच्या प्रयोगशाळेतलं यंत्र. पोट हत्तीएवढं, लाड जावयासारखे, आणि पोटात थंडी अशी की मनातला विचारसुद्धा गोठावा.

त्या थंडीत पाणी, अमोनिया आणि मिथेनॉल यांची वाफ एका चकचकीत पट्टीवर गोठवायची आणि तिच्यावर अतिनील प्रकाश सोडायचा. ताऱ्यांमधल्या धुळीवर म्हणे असाच बर्फ असतो. त्यात आपोआप अमिनो आम्लं, म्हणजे जिवाच्या विटा, तयार होतात का, हे यांच्या सेन्सेईंना, म्हणजे गुरुजी प्राध्यापकांना, निवृत्तीआधी बघायचं होतं. मार्चअखेर निवृत्ती, आणि पदरात काही नाही.

दसऱ्यानंतरच्या पहिल्याच प्रयोगात विटा निघाल्या, मुबलक! यांनी अशी आरोळी ठोकली की बंदरातल्या बोटींनी उलट भोंगे वाजवले.

दुसऱ्या दिवशी तोंड उतरलेलं. ही आम्लं आपल्या हातांसारखी, डावी आणि उजवी असतात. निर्जीव बर्फात दोन्ही सारखीच व्हायला हवीत. इथे जवळजवळ सगळी डावी, आणि तशी करतात ती जिवंत शरीरं. म्हणजे कुणाचं तरी बोट लागलं होतं.

"अहो, तुम्ही तर हातमोजे घालता ना?"

"दसऱ्याला काढले होते. मोजे घालून कोणी पूजा करतं का?"

यांनी यंत्राला हळदकुंकू लावलं, मी दिलेली शेवंती वाहिली, आणि पट्टी बसवण्याआधी भक्तिभावाने कपाळाला लावली!

"आता घालवली मी सेन्सेईंची शेवटची संधी," हे म्हणाले. जेवले नाहीत.

"चला, सांगून टाकू." मी शंकरपाळ्यांचा डबा घेतला आणि यांना ओढतच नेलं.

सेन्सेईंनी सगळं ऐकून घेतलं. मग असे हसले की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. "म्हणजे अवकाशातला जीव पुण्याचा निघाला! अहो, नवीन वर्षाला आम्हीही यंत्रावर मोची, आमचा तांदळाचा नैवेद्य, ठेवतो. पण बाहेरून."

मग सगळं घासून, तापवून पुन्हा सुरुवात. फेब्रुवारीत निकाल आला. मुंगीच्या दातालाही पुरणार नाही एवढा, पण डावं-उजवं अगदी सारखं.

सेन्सेईंनी मला बोलावून घेतलं. "ते पिवळं फूल आणाल?"

आणलं. त्यांनी दोन्ही हातांत कोरे मोजे चढवले आणि यंत्राच्या बंद दाराबाहेर, हळूच, शेवंती ठेवली.