एक मार्क आणि मायचा जिन

आठवीत मी इंग्रजीत नापास झाले ती एका मार्कानं. माझ्या उत्तरावरची ती फुली चुकीची होती, हे मी आजही कुणालाही सांगायला तयार आहे.

आमच्या मास्तरांची शिस्त अशी, की इंग्रजी शब्दाला अर्थ एकच. तो त्यांनी फळ्यावर लिहायचा, आम्ही घोकायचा. 'जिन' या शब्दाला त्यांनी अर्थ दिला, एक प्रकारची दारू. ती दारू अकोल्यात कुणी पाहिली होती कोण जाणे. कापसाचे जिन, म्हणजे सरकी काढायचे कारखाने, मात्र गावात जागोजागी होते आणि माझी माय त्यातल्याच एकात कामाला होती. रेच्यात, म्हणजे तिथल्या यंत्रात, ती कापूस टाकायची, सरकी वेगळी पडायची, रुई वेगळी. घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवरसुद्धा रुई असायची. मी उठून मास्तरांना हे सांगितलं. त्यांनी गप्प बसवलं, तरी मी बसले नाही. वार्षिक परीक्षेत तोच शब्द आला. मी लिहिलं, कापसातली सरकी काढण्याचं यंत्र. मास्तरांनी त्यावर फुली मारली.

नापास झालीस तर शाळा बंद, असं बापानं आधीच बजावलं होतं. म्हणून निकाल कळताच माय जेवणाच्या सुट्टीत, अंगावरच्या रुईसकट, माझ्यासोबत शाळेत आली. हेडमास्तरांनी कपाटातून डिक्शनरी काढली. त्या एका शब्दाखाली एकमेकांशी सोयरसुतक नसलेले तीन अर्थ होते: दारू, मायचं यंत्र आणि जनावरं पकडायचा फास. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मला मनातून उकळ्या फुटत होत्या.

हेडमास्तर म्हणाले, मार्क देतो, पण भर वर्गात मास्तरांशी हुज्जत घातली त्याची मुलीनं आधी माफी मागावी. दोन शब्द बोलले की मी नववीत जाणार होते. मी मायकडे पाहिलं. धम्माची दीक्षा घेतल्यापासून तिनं कुणापुढे गयावया करणं सोडलं होतं.

"माह्या पोरीनं खरं लिवलं, गुर्जी," ती म्हणाली. "मंग माफी कावून मांगाव तिनं?"

मार्क मिळाला नाही. घरी बापानं आकांडतांडव केलं. मायनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "मी अजून एक हंगाम रेच्यावर उभी रायीन. पोरगी पुना आठवीत बसन."

मी बसले. माझ्या मैत्रिणी पुढच्या वर्गात गेल्या, मी लहान पोरींच्या बाकावर. लाज वाटायची, रागही यायचा.

त्या वर्षीही मास्तर तेच होते आणि पेपरात त्यांनी शब्दही मुद्दाम तोच घातला. मला आता तिन्ही अर्थ पाठ होते. मी एकच लिहिला, कापसातली सरकी काढण्याचं यंत्र. त्याखाली लिहिलं, माझी आई त्यावर काम करते.

मास्तरांनी पूर्ण मार्क दिला.