फोल्डिंग खात्यातल्या बाथरूमची कडी

“काजल तुमच्याकडे फोल्डिंग खात्यात होती ना? लेडीज बाथरूमवरून काही कंप्लेंट होती का तिच्यावर?”

इच्छापोरच्या एका कारखान्यातल्या एचआर मॅडमचा फोन होता. काजलच्या राजीनाम्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे, तिथून त्यांना माझं नाव मिळालं. मी रिटायर होऊन तीन वर्षं झाली. आठवत नाही म्हणून फोन ठेवता आला असता. मी म्हणालो, “होती. पण नोंद खोटी आहे आणि ती मी केली आहे. उद्या लेखी देतो.”

मी बमरोलीच्या एका साडी मिलमध्ये लेबर ऑफिसर होतो. हजेरी, रजा, तक्रारी, सगळे कागद माझ्या टेबलावरून जायचे. फोल्डिंग खात्यात साडीची घडी दोघी मिळून घालतात. तिथल्या बहुतेक बायका आपल्या खानदेशातल्या. काजल ट्रान्सजेंडर, आधार कार्डावरही तसंच. तिला कामावर घेतलं मीच. ती कुठलं बाथरूम वापरणार, यावर मात्र मी ना तिच्याशी बोललो, ना बायकांशी. तिच्याशी जोडी करायला कुणी तयार होईना, म्हणून तिला एकटीला स्टिकर लावायला बसवलं.

लेडीज बाथरूमच्या दाराला कडी नव्हती. बायकांनी आपला उपाय काढला होता. आत जाताना बाहेरच्या हँडलला साडीच्या काठाची पट्टी बांधायची. पट्टी दिसली की दार ढकलायचं नाही. नव्या बाईला हे तिची जोडीदारीण सांगायची. काजलला जोडीदारीण नव्हती.

काजल दिवसभर पाणीच प्यायची नाही. एका दुपारी तिला राहवलं नाही, तिनं दार ढकललं. हँडलला पट्टी होती, आत खात्यातल्याच सुनंदाबाई होत्या. त्या ओरडल्या आणि खातं थांबलं.

मॅनेजर म्हणाले, “संध्याकाळच्या आत मिटवा.” मी काजलसमोर कोरा कागद ठेवला आणि राजीनामा लिहायला सांगितला, कारण ‘घरगुती’.

“साहेब, ती पट्टी कशाची, मला कुणी सांगितलंच नाही,” ती म्हणाली.

मी पेन पुढे सरकवलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘पुरुष कामगार लेडीज बाथरूममध्ये शिरला.’ कडी बसवा म्हणून बायकांनी दिलेले तीन अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होते. त्यांचा उल्लेख केला नाही.

मॅडमचा फोन ठेवून मी गोडादऱ्याला सुनंदाबाईंकडे गेलो. त्यांनी चहा दिला, पण बोलायला कमी केलं नाही.

“मी घाबरले ते खरं. आजही घाबरीन. काजल आत आली तर चालेल का, हे आम्हाला आधी विचारायला हवं होतं, तेही खरं. पण अर्जात मी कडी मागितली होती, साहेब. तिला काढा असं कुठं लिहिलं होतं? वाचले तरी होते का अर्ज?”

“वाचले होते,” मी म्हणालो.

इच्छापोरला द्यायच्या पत्रात तेच लिहिलं, नोंद खोटी आहे आणि कडीचे अर्ज मी वाचले होते. खाली सुनंदाबाईंनी सही केली. एक प्रत जुन्या मिलमध्ये नेली. क्लार्क म्हणाला, “काका, आता कशाला उकरता?” काजलच्या फाइलला पत्र लागेपर्यंत आणि माझ्या प्रतीवर शिक्का बसेपर्यंत मी उठलो नाही.

इच्छापोरच्या मॅडमनी पत्र वाचून विचारलं, “आमच्या बायकांनी हरकत घेतली तर?”

“घेतील. त्यांना काजलसमोर आधीच बोलू द्या. आणि त्याच्याही आधी प्रत्येक दाराची कडी स्वतः लावून बघा.”

काजलला नोकरी मिळाली. आठवड्यानं तिचा फोन आला. आभार मानले नाहीत. “इथे कडी आहे, साहेब,” एवढंच म्हणाली.

आमच्या मिलमध्येही कडी बसली होती, काजल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. मेकॅनिकला वीस मिनिटं लागली. त्याचीही नोंद माझ्याच अक्षरात आहे, ‘तक्रार निकाली.’ आज या कामावर असणाऱ्यांना एवढंच सांगतो, तक्रार आली की माणसाला बोलावण्याआधी आपला ड्रॉवर उघडून बघा.