बुरशीकाकूंचं लाटणं

आमच्या बुरशीकाकू लाटणं घेऊन फिरायला निघायच्या. वाटेतल्या प्रत्येक झाडावर ते ठोकायच्या, बुंध्याला कान लावायच्या आणि टरबूज पसंत न पडल्यासारखा चेहरा करून पुढे जायच्या. कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं त्यांनी. घरी देवघराशेजारच्या कपाटात वाळलेल्या बुरश्या मांडलेल्या. नवखा पाहुणा हमखास चुकीच्या कपाटाला हात जोडायचा.

आमच्या फाटकाशी कुणा हौशी माणसानं लावलेला जुना चीड वृक्ष होता, सुयांसारख्या पानांचा. एका पावसाळ्यात त्याच्या बुंध्यावर सुपासारखी तपकिरी बुरशी फुटली. माझ्या आईला त्यात गणपतीचा कान दिसला. मग शेजाऱ्यांना सोंडही दिसली. शेंदूर लागला, आरत्या सुरू झाल्या. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मी वर एक बल्ब लावून दिला. तो बल्ब अजून मनाला खातो, कारण त्याच झाडाखाली पोरं शाळेच्या रिक्षाची वाट पाहत.

काकूंनी चीड ठोकला. "ढप वाजतोय. बुरशी बाहेर दिसली म्हणजे आत तिचं जेवण कधीच झालं. कभी भी गिरेगा."

"पण काकू, लोकांची श्रद्धा..."

"श्रद्धा टेकू देते का रे, भिया?" आमच्याकडच्या हिंदीतला 'भैया' काकूंच्या तोंडी भियाच व्हायचा.

मी मान हलवली आणि काहीच केलं नाही.

दुसऱ्या दिवशी काकू आरतीला हजर. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. आरती संपल्यावर त्यांनी आईला विचारलं, "वहिनी, बसवलात, छान केलंत. विसर्जन कधी?"

बसवलेला गणपती बोळवायचा नाही, असं कोण म्हणणार? अनंत चतुर्दशीला चीड ढोल वाजवत पाडला. पालिकेची परवानगी काकूंच्या पिशवीत तयारच होती. बुरशी बादलीत बुडाली. कुणीतरी "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडला, तेव्हा काकूंनी त्याच्यावर लाटणं उगारलं. बुंध्यातलं लाकूड पुडीच्या तळाशी उरलेल्या शेवेसारखं भुगा झालेलं. त्यातला चिमूटभर त्यांनी आईच्या हातावर ठेवला. "घ्या, प्रसाद."

पुढे काकू पुण्याला मुलीकडे गेल्या, त्या कायमच्याच. टॅक्सीत बसताना त्यांनी लाटणं माझ्या हाती दिलं. मी ते गमतीनं स्वतःच्या कपाळावर ठोकलं.

"पोकळ वाजतंय का हो?"

"वाजतंय ना. पण काळजी नको. तुला अजून कुणी कुंकू लावलेलं नाही."

काकू आता नाहीत. परवा सोसायटीनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, कपाळाला कुंकवाचा टिळा. घरी आल्यावर मी आधी लाटणं शोधलं.