मायचं तिकीट

खैरलांजीहून बालाघाटला जाणाऱ्या मोटारीत ती बाई मला एकदाच भेटली. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. पण त्या कंडक्टरची आठवण आली की अजून माझं डोकं तापतं.

बाळंतीण लेकीसाठी ती वाकळ घेऊन निघाली होती. आमच्याकडे घरची म्हातारी गेली की तिचं लुगडं वाकळीला वरून लावतात, म्हणजे पुढची पोरं तिच्याच पदराखाली निजतात. तिच्या वाकळीवरच्या हिरव्या लुगड्याच्या बारीक टाक्यांवरून बाईचा अंगठा सारखा फिरत होता.

"ये गुदड़ी छत पे फेंक, बाई!" कंडक्टर खेकसला.

"काहून? हे माही माय हाय. मायले टपावर फेकू काय?"

"माँ है, तो टिकट ले माँ का!"

सगळी मोटार फिदीफिदी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने मात्र पदराची गाठ सोडली, खरंच तिकीट घेतलं आणि वाकळ शेजारच्या सीटवर नीट बसवली.

वाटेत एक साहेब चढले. ज्याने तिकीट फाडलं, त्याच निलाजऱ्याने त्यांच्यासाठी वाकळ उचलायला हात घातला. मी ओरडलो, "ए, हात नोको लावू! तिकीट हाय तिचं!"

बाईने मला खुणेनेच थांबवलं. वाकळ उलगडून तिने सीटभर पसरली.

"बसा बाप्पा," ती साहेबांना म्हणाली, "मायच्या मांडीवर कोनीबी बसू शकते."

मग कंडक्टरकडे वळली आणि तिचा आवाज चढला.

"पन फेकाले हात लावशीन, तर याद राख!"