सरूबाईंचं कुंकू

सरूबाई गेल्या तेव्हा त्यांना हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, कपाळभर मळवट भरला. भाईंदरच्या त्या चाळीतून इतक्या मानानं दुसरी सवाष्ण गेली नव्हती. नवरा बोटीवर खलाशी. तिकडेच दुसरं घर करून राहिलेला. पण गेल्याची खबर नाही, म्हणजे आहे, असं सगळे धरून चालले होते.

सुगंधा त्यांची भाची. तिची आई लवकर गेली, तिला सरूआत्यानंच वाढवलं. त्या डोंगरीहून सुकी मासळी आणून केबिन रोडच्या कडेला विकायच्या. उगाच माल दाबून पाहणाऱ्याला म्हणायच्या, "हात मत लगाव, बोंबील है, तेरे घर का तकिया नहीं!" संध्याकाळी मात्र अंग धुऊन, ठसठशीत कुंकू लावून दारात बसायच्या. भावकीत कुणाचंही लग्न असो, हळदीच्या दिवशी घाणा भरायला पाच सवाष्णी बसल्या की मुसळाला पहिला हात सरूबाईंचा. सुगंधाच्या लग्नातही त्यांचाच होता.

सुगंधाचा नवरा लग्नानंतर चार-पाच वर्षांतच कावीळ होऊन गेला. बायका बांगड्या फोडायला आल्या, तशा सरूबाई मध्ये आडव्या झाल्या. "हात लावाल तर याद राखा!" बायका थबकल्या, कुजबुजल्या. सुगंधानं त्या बायकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपले हात आपणच भिंतीवर आपटले. त्यानंतर सरूबाई कित्येक दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात कधी घेतलं नाही. कुणी उखाणा घ्यायचा आग्रह केला की "आमचे बोटीवरचे" म्हणून उडवून लावायच्या. त्या गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी, २००७ साली, सुगंधाचा भाचा अमोल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घराण्याची वंशावळ करायला बसला, तेव्हा सरूबाईंच्या शेजारचा चौकोन रिकामा राहिला.

"आत्या, कॉम्प्युटर ‘बोटीवरचे’ घेत नाही गं. नाव पाहिजे."

नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेले सगळे वर गेले होते. गाव तेवढं माहीत होतं, दाभोळजवळचं. मे महिन्यात दोघं गेली. तिथं सरूबाईंचे धाकटे दीर, काशीनाथ, ओटीवर बसलेले सापडले.

"लवू," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ. आणीबाणी उठली ना, त्या उन्हाळ्यात गेला."

"आणि आम्हाला कुणी कळवलं नाही?" सुगंधा म्हणाली.

"कळवलं नाही कसं? वहिनी आली होती की दहाव्याला. मागं बसली. पाणीसुद्धा घेतलं नाही. बायका कुंकू पुसायला उठल्या, तशी पिशवी उचलून चालायला लागली. म्हणाली, घरी भाचीची हळद आहे, मला घाणा भरायचाय."

सुगंधाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं.

परतीच्या एसटीत अमोल खूश होता. "भारी होती हां सरूआजी! सगळ्यांना गुंडाळून ठेवलं." सुगंधा खिडकीबाहेर बघत राहिली. आत्या सुतकात उठून आली होती, आणि त्याच हातांनी तिच्या हळदीचं मुसळ धरलं होतं. माझा संसार त्या हातांनी गेला, असं तिच्या मनात आलं. आल्याबरोबर तिला स्वतःची किळस वाटली. पण महाडपर्यंत, पनवेलपर्यंत ते मनातून हलेना.

"घरी बोलू नकोस," ती म्हणाली.

"का? चांगलीच तर गोष्ट आहे!"

जेवताना तो बोललाच. त्याची आई आशा, सुगंधाची भावजय, वाढता वाढता थांबली. तिची लेक सलोनी वर्षभरापूर्वी सासरहून कायमची परत आली होती, आणि तिचा घाणाही सरूबाईंनीच भरला होता. आशानं हातातला डाव खाली ठेवला, भिंतीवरचा सरूबाईंचा फोटो उतरवला आणि काचेवर लावलेलं कुंकू ओल्या फडक्यानं पुसायला लागली. काचेवरचा ठिपका गेला, फडकं लाल झालं. पण काचेखाली, फोटोतल्या कपाळावर, दुसरं कुंकू होतंच. ती घासत राहिली.

"आई, काय करतेयस?" अमोल ओरडला.

"तू गप! ताई, तुमचा संसार त्या बाईच्या हातांनी गेला. माझ्या पोरीचाही. तुम्हाला काहीच नाही वाटत?"

एसटीतलं आपलंच वाक्य सुगंधाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं. ते इतकं ओंगळ वाटलं, की तिनं उठून फोटो आशाच्या हातातून ओढून घेतला.

"जिवंतपणी पुसू दिलं नाही तिनं," ती म्हणाली. "आता तू पुसणार?"

फोटो तिनं पुन्हा खिळ्याला लावला. खाली फळीवर करंडा होता. झाकण काढून तिनं बोट बुडवलं. इतक्या वर्षांत तिनं कुंकवाला हात लावला नव्हता. मागं सलोनीचं हुंदके आवरणं चाललं होतं. आशा म्हणाली, "लावा, लावा. अमोलचं लग्न व्हायचंय अजून, त्याचाही संसार जाऊ दे."

सुगंधानं मान वळवून तिच्या तोंडाकडे पाहिलं. बोट तसंच हवेत राहिलं. मग तिनं ते पदराला पुसलं.