मोटर चालू झाली आहे

आमच्या कॉलेजच्या मीडिया सेंटरची एक खासियत आहे. जे नीट रेकॉर्ड व्हायला हवं ते होत नाही, आणि जे कुणाला कळू नये ते संध्याकाळपर्यंत शिरूरच्या एसटी स्टँडवर पोचलेलं असतं! लोकांनी तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. मी तिथं रेडिओ, रेकॉर्डिंग आणि ‘म्युझिक इंडस्ट्री’ शिकवतो. त्यातला ‘इंडस्ट्री’ हा शब्द मी जरा जोरात म्हणतो.

*

ॲडमिशनच्या वेळी शिक्रापूरचे एक मामा मुलाला घेऊन आले.

“पोरगं शिकून काय व्हणार?”

“साउंड इंजिनिअर.”

“म्हंजी डीजे?”

मला झोंबलं! मी माईक, मिक्सर, एडिटिंग, सगळं हातवारे करून समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि मुलाकडं वळले.

“घे ॲडमिशन. सर डीजेच हायेत, फक्त लाजत्यात.”

*

“प्रश्न विचारून गप्प बसायचं. शांतता सहन होत नाही, माणूस आपोआप बोलतो!” हे माझं वर्गातलं लाडकं वाक्य. प्रात्यक्षिक दाखवायला मुलांना घेऊन कुरकुंभच्या एमआयडीसीत गेलो. नाइट शिफ्ट करून आलेले एक काका टपरीवर चहा पीत होते. त्यांच्यासमोर माईक धरला. “शिफ्टचा शरीरावर काय परिणाम होतो?” असं विचारलं आणि गप्प बसलो.

काकाही गप्प. मी मुलांना डोळ्यांनीच खुणावलं, की बघा, आता बोलतील. काका घोरायला लागले!

स्नेहल ही आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. ती हेडफोन काढून म्हणाली, “सर, उत्तर लई क्लिअर आलंय.”

*

एकदा रेकॉर्डिंगच्या खोलीच्या दाराची मूठ माझ्या हातात आली आणि मी आत अडकलो. खोली साउंडप्रूफ, मीच छाती फुगवून करून घेतलेली. काचेपलीकडं अख्खा वर्ग बसलेला. मी ओरडलो, काचेवर थापा मारल्या, दाराकडं बोट दाखवलं. मुलं माना डोलवत राहिली. दोघांनी तर वह्या काढल्या!

शेवटी शिपाई आला आणि त्यानं दार उघडलं. “अरे, कुणालाच कसं कळलं नाही?” मी घामाघूम होऊन विचारलं.

“सर, आवाज येत नव्हता,” स्नेहल म्हणाली, “पण रोजच्यासारखंच वाटत व्हतं.”

*

मग मात्र हसू आटलं. संस्थेचे चेअरमन आप्पा एक दिवस सेंटर बघायला आले. “मास्तर, ह्या खोलीत जिम बसंल,” ते म्हणाले. “गॅदरिंगला कायतरी दाखवा, न्हाईतर मी तिथंच जाहीर करतो.”

मला खरंच भीती वाटली. खोली गेली की माझी नोकरी जाणार आणि मी केंदूरला वडिलांच्या कांद्यात! पण त्याहून जास्त वाईट माझ्या वर्गातल्या आकाशचं वाटलं. पोरगं स्वतः गाणी लिहितं, गातंही झकास, आणि त्याचं एकही गाणं अजून खोलीबाहेर गेलं नव्हतं.

गॅदरिंगला त्याचंच गाणं वाजवायचं ठरवून आम्ही रेकॉर्डिंगला बसलो. “ज्याचा मोबाईल वाजेल त्याला बाहेर काढीन!” मी गरजलो. आकाशचा सूर असा लागला, की माझ्या अंगावर काटा आला. आणि शेवटच्या कडव्यात मोबाईल वाजला.

माझा!

शेतीची वीज कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून इकडं घरोघरी असतो तसा आमच्या विहिरीवरच्या मोटरलाही फोन करणारा स्टार्टर आहे. वीज आली की तो मोटर चालू करतो आणि मला फोन लावतो. सवयीनं मी फोन उचलला, तोही स्पीकरवर. त्यातली रेकॉर्ड केलेली बाई गाण्याच्या मधोमध म्हणाली, “लाईट आली आहे. मोटर चालू झाली आहे.”

तेवढा तुकडा मी नंतर कापला, दुसरी फाइल केली. कुणावर विश्वास नको म्हणून गॅदरिंगला पेनड्राइव्हही स्वतःच भरून नेला.

*

गॅदरिंगला हॉल पालकांनी भरला होता. आप्पा स्टेजवर डोळे मिटून बसले होते, जिमचं भाषण खिशात तयार. त्यांच्या भाषणाला दरवर्षी अख्खा हॉल डुलक्या घेतो. गाणं सुरू झालं. स्नेहलनं माझ्याकडं बघून अंगठा दाखवला. शेवटचं कडवं आलं आणि स्पीकरमधून रिंग वाजली. मी चुकीची फाइल आणली होती!

“लाईट आली आहे. मोटर चालू झाली आहे.”

अख्ख्या हॉलचे हात मोबाईलसाठी खिशात गेले. पुढच्या दोन रांगा उठल्याच. “आरं, आमच्या फीडरला लाईट आली का बघा!” कुणीतरी ओरडलं आणि निम्मी माणसं चपला शोधत दाराकडं पळाली. आप्पा दचकून जागे झाले आणि फोनवर गड्याला म्हणाले, “बटन दाब आधी!”

गड्यानं काय सांगितलं कुणास ठाऊक. आप्पांनी फोन खाली ठेवला आणि मला स्टेजवर बोलावलं.

“मास्तर, लाईट न्हाई आली?”

“न्हाई आप्पा. ते गाण्यात हाय.”

आप्पांनी रिकाम्या रांगांकडं बघितलं. पळालेली माणसं शिव्या घालत, हसत परत येत होती आणि “गाणं पुन्हा लावा!” म्हणून ओरडत होती. आप्पांनी जिमचा कागद खिशातून काढला, घडी घातली आणि परत खिशात ठेवला. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाले,

“मास्तर, खोली ऱ्हाऊ द्या. फक्त माझ्या भाषणात मधी मधी ती बाई घालून द्या.”